उतारावरच्या वाटेबद्दल

नऊ एकरांची खरी किंमत अशी पडली: बावीस वर्षं लोकांचे फवारणी पंप दुरुस्त करणं, डाव्या हाताची करंगळी, आणि धाकट्या भावाशी असलेलं बोलणं. पैसे वेगळे.

मी, पंपवाला, वय चौऱ्याहत्तर, शुद्धीवर असताना स्वखुशीने हे लिहून ठेवतो. कुणाचा दबाव नाही. बायको दाराआड उभी आहे, पण ती नुसती ऐकते आहे.

एक. घर बायकोला, तिच्यामागे मुलीला. माझ्या खुर्चीत धाकट्याला बसवू नये. तो फाटकाशी आला की बायकोचा आवाज मऊ होतो. माझ्याशी बोलताना तो कधी झाला नाही. भिंतीआडून मी नीट ऐकलं आहे.

दोन. दुकान आणि हत्यारं माझ्या कारागिराला. धाकट्याचा पंपही त्याने दुरुस्त करावा, पण सगळ्यांच्या शेवटी.

तीन. जमीन मुलीला. गाजर गवत फुलायच्या आत मुळासकट उपटावं, नाहीतर शेतकी खात्याची नोटीस येते, आणि ती निकाली निघेपर्यंत जमीन दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. धाकट्याच्या फाटकावर खात्याने 'तणमुक्त शेत' अशी पाटी लावली आहे. वडीलही म्हणायचे, "धाकट्याचा हात माती ओळखतो." माझ्या पाटीचं विचारलं, तर खात्याचा तपासनीस म्हणाला, "काका, तुमचं बघू."

चार. ओढ्याची वाट माझ्या उतारावरून जाते. ती धाकट्याला देऊ नये. मुलगी म्हणते, "बाबा, काकांना पाण्यासाठी केवढा वळसा पडतो." पडू दे. गुडघ्यांमुळे मी उतारावर जात नाही, पण कान शाबूत आहेत. कुंपणाची तार हलली तरी मला खाटेवर कळतं. अकरा वर्षांत त्याचं पाऊल आत पडलेलं नाही.

पाच. हे आज वाढवलं. वकिलांनी खात्यातून जमिनीचा तणदाखला मागवला. माझ्या उतारावर सात नोटिसा. शिपायाने सातही रस्त्यालगतच्या पहिल्या घरी दिल्या, म्हणजे धाकट्याकडे. सातही निकाली. तण उपटणाऱ्याच्या रकान्यात त्याचीच सही.

त्याला बोलावून घेतलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर उपटू दिलं असतंस, दादा?"

वाट तुझ्या नावे करतो म्हटलं. दाखला घेऊन आलेला तपासनीस एक साक्षीदार झाला होता, दुसरा तूच हो, असंही म्हटलं. वकील म्हणाले, "मग यांना साक्षीदार होता येणार नाही. ज्याला काही मिळतं, त्याची साक्ष चालत नाही."

"वाट राहू दे," धाकटा म्हणाला. "सही कुठे करू?"

काही मागत नाही, हाच त्याचा माज. लहानपणापासून मला तो जमलेला नाही. कलम चार खोडलं आहे. वाटेचं मुलीने ठरवावं. ती कुणाची बाजू घेते हे मी ऐकून आहे.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
तारीख: नऊ जून
सही: पंपवाला
साक्षीदार: तपासनीस, धाकटा भाऊ

परिशिष्ट, मोजणीदाराच्या टिपणावरून: तीन बाजूंना तारेचं कुंपण. ओढ्याच्या बाजूचं कुंपण दहा वर्षांपूर्वी पुरात वाहून गेलं आहे.