आईच्या वर्षाचा उपास

वाशीम,
१० सप्टेंबर १९३६

प्रिय फिलोमिनाबाय,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून देशील, अशी भीती वाटते. तरी लिहिते. इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आले, त्याला श्रावणात तीन वर्षं झाली. सबंध गावात रोझरीची जपमाळ म्हणणारी मी एकटी. संध्याकाळी दार लोटून बसते. ‘नमो मरिया’ मीच म्हणते आणि ‘पवित्र मरिये’ हे उत्तरही मीच देते. कधी अर्ध्यावरच थांबते, तेव्हा शेजारची अमीनाबी कोंबड्या कोंडत असते तेवढंच ऐकू येतं.

अकोल्याचे फादर वर्षातून दोनदा येतात. यंदा फेब्रुवारीनंतर आलेच नव्हते. मी कळवलं, आठ तारखेला, मरियामातेच्या जन्मदिवशी या. त्याच दिवशी आपल्या आईला जाऊन वर्ष होत होतं. सोमवारी रात्रीच ते पोचायचे होते, पण मेडशीच्या ओढ्याला पूर आला आणि मोटार पलीकडेच अडकली. इकडे मी ख्रिस्तप्रसादासाठी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेता, टेबलावर पांढरी चादर अंथरून वाट पाहत बसले.

सकाळी दहाच्या सुमारास गोजराबाई धावत आली. तिची सून सोजर आदल्या दिवसापासून अडली होती आणि डॉक्टर पटकीच्या साथीसाठी मानोऱ्याला गेलेले. मी तशीच निघाले. मूल पायाळू होतं. दुपार झाली तशी डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, हात कापू लागले. तोंडानं नमो मरिया चाललेलंच होतं. गोजराबाईनं विचारलं, “बाई, कोणाले बोलवून राह्यल्या?” मी म्हटलं, आमच्या देवाच्या आईला. ती म्हणाली, “बोलवा मंग. तिनंबी सोसलंच असंन.”

पण कापत्या हातांनी ते मूल सुखरूप आलं नसतं. मी पाणी मागितलं. लोटाभर प्याले. पाऊण तासानं मुलगी झाली. रडायला तिनं फार वेळ लावला, पण रडली.

चारला घरी आले तर ओट्यावर फादर बसलेले. बैलगाडीनं आले होते, झगा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. मिस्सेच्या प्रार्थनेची वेळ टळून गेली होती आणि उजेडातच त्यांना पुढं निघायचं होतं. पण गळ्यातल्या चांदीच्या डबीत ख्रिस्तप्रसाद होता. त्यांनी विचारलं, “उपास आहे ना?” हो म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं, बाय? मी म्हटलं, “पाणी प्याले, फादर.” त्यांनी डबी मुठीत धरली. मग म्हणाले, “पाप नाही केलंस. पण नियम मला मोडता येत नाही.” डबीपुढं आम्ही दोघांनी गुडघे टेकले, आणि ते गेले. आता नाताळानंतरच येतील.

आईच्या मातीला मी नव्हते. तार आली तेव्हा दवाखान्यात दोन बाळंतिणी तापानं फणफणत होत्या, त्यांना टाकून निघवलं नाही. त्यानंतर तू मला एक ओळही लिहिली नाहीस. राग सोड, असं मी म्हणत नाही. आईसाठी एकदा ख्रिस्तप्रसाद घ्यावा, एवढंच माझ्या हातात उरलं होतं, तेही राहिलं. तुझं देऊळ घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. येत्या रविवारी माझ्या वतीनं तू घे. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. एका कार्डावर फक्त ‘घेतला’ एवढं लिही.

तुझीच धाकटी,
रेजिना