उत्तर वजा चार

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे सध्या साष्टांग फक्त कागदावरच जमतो.) मोतीबिंदू काढल्यापासून तुला सगळं लख्ख दिसतं, सुईत दोराही तूच ओवतेस, असं भाच्याने सांगितलं. आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली, कारण आजवर माझ्या पत्रातलं तुला निम्मंच वाचता यायचं. इकडे सर्व ठीक. माझी झोप उडाली आहे, मी भिंतीशी बोलतो वगैरे हिने तुला कळवलं असेल, तर त्यातलं भिंतीचं खोटं आहे. मी भिंतीशी बोलत नाही, फक्त ऐकतो. का, ते पुढे येईलच.

नववीचा बीजगणिताचा वार्षिक पेपर गेली बावीस वर्षं मी काढतो, हे तुला ठाऊक आहे (दर पत्रात लिहितोच). यंदा मुख्याध्यापिकांच्या डोक्यात आलं, की माझा आणि गणिताच्या नव्या बाईंचा, असे दोघांचेही तास महिनाभर मागे बसून बघायचे आणि मग पेपर कुणी काढायचा ते ठरवायचं. या नव्या बाई म्हणजे माझीच जुनी विद्यार्थिनी. टाकीच्या गणितात एक नळ टाकी भरतो आणि दुसरा रिकामी करतो, तिथे 'सर, खालचा नळ आधी बंद का नाही करत?' असं विचारणारी आणि त्याबद्दल मी तासभर वर्गाबाहेर उभी केलेली, तीच. बाहेर उभं राहून तिचं काहीच बिघडलं नाही, हे आता माझ्या मुळावर आलं आहे.

मला तिचा हेवा वाटतो, असं तू म्हणशील. वाटतो. तिचा तास चालू असताना भिंतीला कान लावून बसण्याइतका वाटतो (आमच्या दोन वर्गांमधली भिंत लाकडी फळ्यांची आहे, कान फार दाबावा लागत नाही). शाब्दिक उदाहरण आलं की मी पहिली ओळ लिहितो, 'समजा क्ष'. निम्मा वर्ग तिथेच गळतो. ही बाई पुस्तक मिटायला लावते आणि आधी गोष्ट सांगा म्हणते. त्यातलं काय माहीत आहे, काय माहीत नाही, ते पोरांनी आपल्या शब्दांत बोलायचं. जे माहीत नाही त्याला नावही पोरंच ठेवतात. परवा त्यांनी आमच्या शिपायाचं टोपणनाव दिलं, 'गायब'. तीन गायब अधिक सात बरोबर पंचवीस. गायब निघाले सहा, आणि अख्खा वर्ग हसत सुटला. माझ्या वर्गात समीकरण सुटल्यावर आजवर कुणी हसलेलं नाही. मुळात सुटतंच कमी.

शेवटी मीही ईर्ष्येला पेटलो. म्हटलं, आपणही घरचं ताजं गणित घालू. मी बावन्न वर्षांचा, चिरंजीव अठ्ठावीस. आणखी किती वर्षांनी बापाचं वय मुलाच्या दुप्पट होईल? मुख्याध्यापिका मागच्या बाकावर वही उघडून बसलेल्या. पोरांनी समीकरण मांडलं, सोडवलं, आणि सगळ्यांचं उत्तर आलं वजा चार. मी म्हणालो, चिन्ह चुकलं. पुन्हा वजा चार. एका समंजस पोराने माझ्या समाधानासाठी नुसतं चार केलं, ते मी बरोबर धरलं. मग पडताळा घेतला तर छप्पन्न आणि बत्तीस. दुप्पट कसली आली आहे! घाम पुसत मी सांगितलं की गणितात छपाईची चूक आहे (फळ्यावर, माझ्याच हाताने लिहिलेल्या), आणि सगळं पुसून टाकलं.

पुढचा तास त्याच वर्गावर तिचा, मी शेजारच्या वर्गात. पोरांनी तेच गणित तिच्यापुढे ठेवलं आणि भिंतीपलीकडून मला स्वच्छ ऐकू आलं, "उत्तर बरोबर आहे. वजा चार वर्षांनी म्हणजे चार वर्षांपूर्वी. पुढे होईल असं वाटत होतं, ते होऊन गेलंय. सरांनी मुद्दाम घातलं होतं, तुम्ही पकडता का बघायला."

अठ्ठेचाळीस आणि चोवीस, ताई. मी चिरंजीवांच्या बरोबर दुप्पट होऊन गेलो आणि मला पत्ता नाही. पण त्याहून जास्त झोंबलं ते 'मुद्दाम'. तिने मला सांभाळून घेतलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या त्या माझ्या नावाने, आणि होत्या तिच्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भांडावं तर कशावरून, तेही तिने शिल्लक ठेवलं नाही.

असो. डोळ्यात औषध वेळेवर घाल. भाऊजींना नमस्कार, भाच्याला आशीर्वाद. कागद संपत आला.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पेपर तिला मिळाला. वर लिहायचं राहून गेलं.

आणखी एक ता. क. काल ती पेपर काढून थेट माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "सर, आधी तुम्ही बघा. चूक असली तर तुम्हालाच दिसेल." शेवटचं गणित असं आहे. शाळा चोवीसशे मीटरवर. आजोबा मिनिटाला साठ मीटर चालतात, नात ऐंशी. आजोबा पंधरा मिनिटं आधी निघतात. दोघं फाटकाशी एकदमच पोचायची, तर आजोबांनी वाटेत बाकावर किती मिनिटं बसावं? चाळीस अधिक बसणं, बरोबर पंधरा अधिक तीस. पाच मिनिटं. चूक सापडेल म्हणून मी तीनदा सोडवलं. सापडली नाही. बावीस वर्षांत मी कितीतरी आजोबा चालवले, एकालाही बसू दिलं नाही. हे गणित माझं असायला हवं होतं, ताई.

शेवटचा ता. क. पत्र लिहायचं खरं कारण हे. सोमवारी पेपर तिला परत द्यायचा आहे. 'चूक नाही' म्हणून सही करता येईल, पण तेवढं पुरणार नाही. 'छान आहे' म्हणावं लागेल, आणि ते मी आजवर एकाही विद्यार्थ्याला म्हटलेलं नाही. तुझी शाळा सुटली आणि माझी चालू राहिली, त्या वर्षी बीजगणित मला तूच शिकवलंस, शिलाई मशीनवर बसून, आणि माझं प्रत्येक गणित सुटलं की 'छान' म्हणायचीस. तेव्हा तुझ्या पोटात काय होत होतं, आणि तरी तो शब्द तू तोंडातून बाहेर कसा काढायचीस, एवढं सोमवारच्या आत कळव.