दोन कॉट लांब, दीड कॉट रुंद

३ फेब्रुवारी, सोमवार. दुपारची सुट्टी.
ऑफिसातून एक जुनं रजिस्टर मिळालं. फेकणारच होते. पानावर चार रकाने छापलेत : तारीख, वेळ, तापमान, शेरा. शेऱ्याचा रकाना चांगला रुंद आहे. माझं सगळं त्यात बसेल.

आजपासून रोज लिहायचं. कारण आज घरच्या शेतावर पायाचं खोदकाम सुरू झालं, आणि एवढ्या मोठ्या कामाची कुठेतरी नोंद पाहिजे. बाबांनी गेल्या वर्षी शहरातली भाड्याची खोली सोडली आणि शेत घेतलं. तेव्हापासून आई, बाबा आणि माझी धाकटी बहीण पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. मी इथे, विमानाने सात तासांवर, फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. काम नावाला पॅकिंगचं. खरं तर सगळं माझ्यावरच चाललंय.

प्लॅन असा : मेअखेर घर उभं. मेअखेर मी इथून बाहेर. बस झालं.

सुटणं सोपं नाही म्हणा. आमचे कागद सुपरवायझरच्या कपाटात असतात. तीन महिने आधी अर्ज, मग वरची मंजुरी, मग हेड ऑफिस, आणि एवढं करूनही सोडतीलच असं नाही. हे मला घोरीने सांगितलं. घोरी माझ्या वरच्या बंकवर झोपतो, नावाप्रमाणे घोरतो. अकरा वर्षं इथे आहे. स्वतः कधी अर्ज केलेला नाही, पण अनुभवी माणूस.

अर्ज याच आठवड्यात.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.
व्हिडिओ कॉल केला. शेतावर नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की मिळतं. धाकटी फोन धरून वर उभी, गवंडी खाली. मी त्याला पाया कसा घ्यायचा ते नीट समजावलं. त्याने मान वर करून विचारलं, हे कोण बोलतायत. धाकटीने सांगितलं, दादा. तो बरं म्हणाला आणि पुन्हा खणायला लागला.

मितभाषी आहे. कामाची माणसं अशीच असतात.

नंतर धाकटीने सांगितलं, तो मला फोनवाले इंजिनियर म्हणतो. बघा. मी सातवी शिकलो. दोनदा बसलो, म्हणजे हिशेबाने आठवीच. तरी माणसाला माणूस कळतो.

अर्ज राहिला. या आठवड्यात गाड्या फार होत्या.

१२ फेब्रुवारी. संध्याकाळ.
आमच्या खोलीला खिडकी नाही. आठ माणसं, चार बंक, एक पंखा, एक दरवाजा. दरवाजा उघडला की कॉरिडॉर. कॉरिडॉरच्या टोकाला जिना. जिना उतरला की स्टोअर. स्टोअरलाही खिडकी नाही, ती असूच शकत नाही, असली तर फळं पिकतील. म्हणजे सोमवार ते शनिवार मी आकाश बघतो ते गाडी धक्क्याला लागते तेव्हा, गाडीचं टप आणि छप्पर यांच्या मधल्या फटीतून. साधारण वीतभर.

नव्या घरात माझ्या खोलीला तीन खिडक्या पाहिजेत. धाकटीला मेसेज केला. तिने विचारलं, तीन कुठे मावणार, चौथ्या भिंतीला दार आहे. मी म्हटलं, मग मावल्या की.

१९ फेब्रुवारी. जेवणानंतर.
गवंड्याला खोल्यांची मापं हवी होती. बाकी घराची त्याने आपल्या टेपने घेतली, पण माझ्या खोलीचं मी कोणाला हात लावू देणार नाही म्हणून सांगून ठेवलं होतं. इथे टेप मेंटेनन्सवाल्याकडे असते आणि तो ती बायकोसारखी जपतो. मग मी डोकं लढवलं. माझा बंक मला पाठ आहे, डोळे मिटून सांगीन कुठे काय लागतं. तोच मापाला घेतला. कळवलं : खोली दोन कॉट लांब, दीड कॉट रुंद.

शाळा शिकलेल्यांना हे सुचलं नसतं.

२ मार्च, रविवार.
भिंती कमरेपर्यंत आल्या. आईशी बोललो. तिने विचारलं, कधी येतोस. मी मेअखेर म्हटलं. ती म्हणाली, पेरणीच्या आधी आलास तर बरं, बाबांचा उजवा खांदा आता वर जात नाही. बादली डाव्या हाताने ओढतात आणि कोणी बघत नाही असं समजतात.

मी म्हटलं, काळजी करू नकोस. मग तिला सांगितलं की जिना घ्यायचाय, पुढेमागे वरचा मजला होईल. तिने विचारलं, वर कोण राहणार. दूरचं बघायची सवय नाही त्यांना.

१६ मार्च.
जिना झाला. पूर्ण नाही. पाच पायऱ्या झाल्यावर गवंड्याने विचारलं की पुढे कुठे न्यायचा, आणि बाबांनाही सांगता येईना, म्हणून थांबवला. आता पाच पायऱ्या भिंतीला टेकून उभ्या आहेत. मला वाईट वाटलं असतं, पण धाकटी सांगते पाचव्या पायरीवर नेटवर्क छान येतं, टाकीवर चढावं लागत नाही.

म्हणजे जिन्याचा उपयोग झालाच. मी म्हणतच होतो.

३० मार्च, रविवार.
आज चिडचिड झाली. धाकटीने पाचव्या पायरीवरून फोन वळवून माझी खोली दाखवली. मी म्हटलं, मोरी नको, खोली दाखव. ती म्हणाली, हीच.

झालं असं की कॉट म्हणजे त्यांनी घरची धरली. ती बाबांनी शेडमध्ये मावावी म्हणून दोन्हीकडून कापलेली. त्यावर आई पाय पोटाशी घेऊन झोपते. गवंड्याने इमानदारीत ती कॉट उचलून दोनदा लांब, दीडदा रुंद ठेवली, भोवती रेघ मारली आणि भिंती घेतल्या. बाकी सगळं घर मापात आहे. फक्त माझी खोली चुकली. तिन्ही खिडक्या मात्र आहेत. दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने खिडकीतून बोलावं, अशी एकूण रचना.

गवंडी मागून म्हणाला, "इंजिनियरला विचारा, मोठी करायची का? पाडतो."

मी विचार केला आणि नको सांगितलं. छोटी खोली झाडायला सोपी.

६ एप्रिल.
अर्ज लिहायला बसलो. घोरी म्हणाला, आत्ता देऊ नकोस, सुपरवायझरचा मूड खराब आहे. स्टोअरमधल्या तीन नंबरच्या खोलीचं मशीन बंद पडलंय. खरंय. चांगला अर्ज वाईट दिवशी देऊन वाया घालवायचा नाही.

१५ एप्रिल.
मशीन चालू झालं. अर्जाला कागद चांगला मिळेना. रजिस्टरचं पान फाडलं तर वर 'तापमान' छापलेलं येतं. बरं दिसत नाही.

२७ एप्रिल, रविवार.
एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण हे कोणी वाचणार नाही. घरी मी सुपरवायझर आहे असं सांगितलंय. पहिल्या वर्षीच सांगितलं. तेव्हा वाटलं होतं, सहा महिन्यांत होईनच. मग बोललेलं मागे कशाला घ्या. बाबांनी गवंड्याला सांगितलं, गवंड्याने आज फोनवर विचारलं, तुमच्या हाताखाली किती. मी म्हटलं, रोज चाळीस हजार.

फळं म्हणायचं राहून गेलं.

त्याने फोन दोन्ही हातांत धरला. मग बाबांना म्हणाला, पोरगा आला की विहिरीवरचं इंजिन बसवायचं काम त्यालाच द्या, माणसं बघायला नकोत, तो नुसता उभा राहिला तरी होईल. बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

१८ मे, रविवार. सकाळी ११.
राहायला गेले. कालच. धाकटीने घरभर फिरून व्हिडिओ काढला आणि पायरीवर येऊन पाठवला. भिंतींना अजून रंग नाही, स्वयंपाकघरात ओट्याखाली विटाच आहेत, पण दार लावता येतं आणि आतून कडी बसते. बाबा ती कडी दहादा लावून काढून दाखवत होते.

माझ्या खोलीत कॉट टाकलीय. कापलेली नाही, नवी. तिने खोली भरली. वर चादर. बाबा पहिल्या रात्री तिथेच झोपले म्हणे, कोरी खोली रिकामी ठेवू नये म्हणून.

आई पाचव्या पायरीवर येऊन बसली आणि नीटच बोलली. "हे बघ, पेरणी जूनच्या पहिल्या आठवड्यात. बाबांच्याने होणार नाही. तू आलास तर प्रश्नच नाही. नाही आलास तर गडी ठेवावा लागेल, आणि घर गावापासून लांब, म्हणजे तो इथेच राहणार. त्याला तुझी खोली द्यावी लागेल. मला ते नकोय. म्हणून विचारते, येतोयस ना?"

मी म्हटलं, येतोय म्हणजे काय, निघालोच.

२६ मे, सोमवार. सकाळी ९.
अर्ज दिला. इथेच लिहून ठेवतो कसं झालं ते, कारण मला अजून नीट कळलेलं नाही.

मी तयारीने गेलो होतो. तीन महिन्यांचं काय, वरच्या मंजुरीचं काय, सगळ्याला उत्तरं पाठ केली होती. वडिलांचा खांदा, आईचं वय, गरज पडली तर डोळ्यांत पाणी. सुपरवायझर चहा पीत होता. त्याने अर्ज वाचला, कप बाजूला ठेवला, सही केली. मग मागे वळून कपाट उघडलं. कुलूप नव्हतंच. माझे कागद काढून समोर ठेवले आणि म्हणाला, शनिवारी सकाळी एअरपोर्टकडे गाडी जाते, तिच्यात बस.

मी विचारलं, तीन महिने?

"कोणी सांगितलं?"

मी विचारलं, वरची मंजुरी?

"कसली मंजुरी? चार वर्षांत तू एकदा तरी येऊन विचारलंस का?" मग चहा पीत म्हणाला, "तुमच्यातलं कोणीच विचारत नाही. मला वाटायचं, आवडत असेल इथे."

२७ मे.
घोरीला सांगितलं. त्याने कागद हातात घेतले, उलटसुलट करून बघितले, परत दिले. दिवसभर माझ्याशी बोलला नाही. अकरा वर्षांचा राग आहे, पण माझ्यावर का?

२८ मे. संध्याकाळी ६.
घरी फोन केला, सांगायचं म्हणूनच. बाबांनी उचलला. त्यांना पायऱ्या चढायला वेळ लागला, धाप लागलेली ऐकू येत होती. म्हणाले, तू येतोयस म्हणून गवंडी थांबलाय, विहिरीचं इंजिन तू सांगशील तसं बसवणार. पलीकडच्या शेतातली दोघंतिघं भेटायला येणारेत, एवढ्या माणसांवर हुकूम चालवणारा माणूस बघायचाय त्यांना. वरचा मजला कधी घ्यायचा तेही तूच ठरव.

मी इंजिन आयुष्यात फक्त दुरून ऐकलंय. बैल, नांगर, वीट, काहीच मला येत नाही. मला क्रेट रचता येतात. खाली जड, वर हलकं, बारा थर.

मी म्हटलं, बाबा, मंजुरी अडकलीय. वरून यायचीय.

बाबा म्हणाले, "असू दे. त्यांचीही अडचण असेल. तुझ्यासारखा माणूस सहजी कोण सोडेल."

कागद तेव्हा माझ्या खिशात होते.

३१ मे, शनिवार. सकाळी ८.
बॅग भरली होती. गाडी साडेसातला आली. मी गेटपर्यंत गेलो. ड्रायव्हरने डिकी उघडली. मग मला आठवलं, दोन नंबरच्या खोलीत कालच्या क्रेट नीट रचलेल्या नव्हत्या. बघून येतो म्हटलं. त्याने दहा मिनिटं हॉर्न वाजवला असेल. आत ऐकू येत नाही, भिंती जाड आहेत.

पुढच्या शनिवारी गाडी आहेच. दर शनिवारी असते. अडकलो असतो तर गोष्ट वेगळी.

७ जून, शनिवार.
गाडी आली होती म्हणे. मी आत होतो.

८ जून, रविवार.
गडी आला. पन्नाशीचा आहे, हातापायाने आटोपशीर. माझी खोली त्याला मापात बसली. धाकटी सांगते, एका खिडकीखाली त्याने फळी ठोकून घेतली, चिलीम ठेवायला. आईला त्याचं बोलणं आवडतं. बाबांना तो बादली उचलू देत नाही. विहिरीचं इंजिन त्याने आणि गवंड्याने अर्ध्या दिवसात बसवलं. मला विचारणार होते, पण मी फोन उचलला नाही, शिफ्टवर होतो.

रविवारी शिफ्ट नसते. पण कोणाला ते माहीत आहे?

आईने आज विचारलं नाही कधी येतोस. मीच म्हटलं, मंजुरी आली की लगेच. ती म्हणाली, हो हो, सावकाश ये, इथलं होतंय.

म्हणजे घरचं टेन्शन संपलं. आता मी मोकळा.

१६ जून, सोमवार. दुपारची सुट्टी.
नवीन सीझन सुरू. सुपरवायझर सगळ्यांना हातमोजे वाटत होता. लाइनीत प्रत्येकाला साइज विचारून खोक्यातून जोडी काढायची, वहीत टिक करायची. घोरीलाही विचारली, अकरा वर्षं झाली तरी.

माझ्यापाशी आला. वर बघितलं. अर्जाचं काही बोलला नाही, साइजही विचारली नाही. एक जोडी काढून हातावर ठेवली. घालून बघितले. बरोबर बसले.

म्हणाला, जपून वापर, वर्षभर पुरवायचेत. मी हो म्हटलं.