ओमप्रकाशने स्विच पाडला त्याची हकीकत

वीजघर कॉलनी, क्वार्टर नं. ४२
१४ फेब्रुवारी १९७८

ती. महादेवरावभाऊजी यांस, तुमच्या एकुलत्या मेहुण्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तरी वाकलोच). ताईचा डोळा कसा आहे? धंतोलीच्या डॉक्टरांनी पट्टी सोडली का? पट्टीमुळे ती आमच्या नाटकाला आली नाही, हे एका परीने बरंच झालं. तुम्ही मात्र तिसऱ्या रांगेत होतात, म्हणून त्या काळोखाचं कारण माझ्याकडूनच ऐका.

वीजघरातल्या माणसांनी आपापलं रोजचं काम गाऊन दाखवायचं, असं आमचं संगीत नाटक. कॅन्टीनच्या सिंधूताईंनी भजी तळण्याचं गाणं म्हटलं (लोकांनी वन्समोअर दिला आणि भजीही मागितली). शेवटी माझं, टर्बाइनवरच्या माणसाचं, चार कडव्यांचं. दोन महिने मी ते नळावर, सायकलवर, जेवताना म्हणत होतो. सगळ्या कॉलनीला पाठ झालं होतं. तिसरं कडवं संपलं आणि मी रंगात येऊन डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली. तुम्ही कचेरीत बसणारे, तुम्हाला कुठून माहीत असणार? टर्बाइनच्या आवाजात माणसाचं माणसाला ऐकू येत नाही, सगळा कारभार हातांच्या खुणांवर. फुली म्हणजे ‘ताबडतोब बंद कर’. दिव्यांवर आमच्याच टर्बाइनवरचा ओमप्रकाश होता. नऊ वर्षं खूण दिसली की स्विच पाडणारा माणूस, त्याने मेनस्विचच पाडला. नाटक वीजघराचं, पहिल्या रांगेत मोठे साहेब, आणि सगळ्या हॉलमध्ये काळोख! तेवढ्यात मागून बायकांनी चौथं कडवं उचललं, मग सगळ्या हॉलने. मी गप्प होतो (लोक गात असताना आपण कशाला मध्ये तोंड घालायचं?).

साहेबांना ते रुचलं नाही. सोमवारी चौकशी आहे. ओमप्रकाश अजून टेम्पररीच; पुढच्या महिन्यात पर्मनंट व्हायचा होता, आता त्याला काढायचं चाललंय. काल दारात येऊन उभा राहिला. “तुमीच त खूण केली ना जी! मले वाटलं, काही जळून राहिलं.” मी म्हटलं, बाबा, तो अभिनय होता. त्याने मान हलवली. “मंग मीच चुकलो,” म्हणाला आणि गेला. आमचं कुटुंब कौसल्या आतून ऐकत होती. “काहून खोटं बोलता जी त्या गरिबाशी?” एवढंच म्हणाली. भाऊजी, साहेबांची तुमची ओळख आहे. अभिनयात हात वर करणं हा गुन्हा नाही, एवढं त्यांच्या कानावर घालावं.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा,
आनंदराव

ता. क. हात रंगात येऊन वर गेले नव्हते. चौथं कडवं आठवेना, समोर साहेब. दिव्यांवर ओमप्रकाश आहे आणि माझी खूण दिसली की तो एका शब्दाने विचारणार नाही, हे मला ठाऊक होतं. कौसल्यालाही कळलं. (कडवं आज सकाळी नळावर आठवलं.)

ता. क. २. सोबतच्या बंद पाकिटात हेच साहेबांच्या नावाने लिहून सही केली आहे. सोमवारी दहाच्या आत तुमच्या हाताने त्यांना द्या. रविवारी मी येईन आणि ताईच्या डोळ्याची चौकशी करता करता पाकीट परत मागेन. देऊ नका. रडलो तरी देऊ नका.