चिऊच्या वाढदिवशी

मंगळवार, ऑगस्ट १९९१. मांजर्ली, बदलापूर

आमची चिऊ तापाने गेली, तेव्हापासून हे माझ्याशी कामापुरतंच बोलतात. लेक काय माझी एकटीची होती? आज उल्हासनगरच्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही दुःख बोलून काढता, ते हात कामात गुंतवून. तऱ्हा वेगळी, दुःख तेच." पटलं. पण पटून काय करू?

संध्याकाळी हे मोरीतला गळका नळ दुरुस्त करत होते. न राहवून म्हटलं, "अहो, आज चिऊ चार वर्षांची झाली असती."

"पाना दे."

दिला. नळ गळायचा थांबला, तरी हे आवळतच राहिले. पाठीवर हात ठेवला, तर पाठ हुंदक्यांनी हलत होती. मग मीही काही न बोलता तिथेच ओल्यात त्यांच्याशेजारी बसले.