अ‍ॅबर्डीनचं इंग्रजी

बाई, तुम्ही शिकवलेलं इंग्रजी मला इथे पहिल्याच दिवशी पुरेनासं झालं. रत्नागिरीच्या शाळेत एकदा मी तुम्हाला प्रश्न परत सांगा म्हटलं, तर सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "एकदा सांगितलेलं दोनदा विचारायचं नाही. कान कशाला दिलेत देवाने?" ते इतकं लागलं की पुढे कुणालाच दोनदा विचारलं नाही.

मी शारजाच्या औद्योगिक भागात, लोखंडी सांगाडे बनवणाऱ्या यार्डात सुपरवायझरचं काम करते. आमचा मॅनेजर स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनचा. त्याच्या गावात 'व्हॉट'ला 'फिट' म्हणतात आणि 'व्हेअर'ला 'फार', हे मला कोण सांगणार? "फार्स द लॉरी?" असं त्याने विचारलं आणि मी म्हटलं, "नो सर, व्हेरी नियर." तो हसला. मीही हसले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. मग नुसतं "येस सर" सुरू झालं. काय कबूल केलं ते मलाच कळायचं नाही. नोकरी सोडावी, तर नवऱ्याची नुकतीच गेलेली. त्याचा आणि लेकीचा व्हिसा माझ्या नोकरीवर. संध्याकाळी घरी कुरकुर केली की लेक मान वर न करता म्हणायची, "ममा, जस्ट आस्क हिम." तिला काय जातंय!

मग तो दिवस. क्रेनला तुळई बांधलेली आहे, खाली दोन माणसं उभी आहेत. वॉकीटॉकीवर मॅनेजर म्हणतो, "डिना लिफ्ट इट." मला त्यातलं 'लिफ्ट' तेवढं कळतं. क्रेनवाला पठाण हाक मारतो, "मॅडम, उठाऊँ? यल्ला?" माझ्या तोंडात 'हां' आलेलं आहे. खालच्या एकाने हेल्मेट काढून कपाळ पुसलं, आणि माझ्याच्याने 'हां' म्हणवेना. सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असं मी विचारलं, "सर, आय डोन्ट अंडरस्टँड. लिफ्ट ऑर नो लिफ्ट?"

"नो लिफ्ट!" तो धावतच आला. तुळई बांधलेला पट्टा एका बाजूने फाटत आला होता. माणसं बाजूला झाल्यावर मला म्हणाला, अगदी सावकाश, 'डिना' म्हणजे 'डोन्ट'. दहादा विचार, माझी बायको इंग्लंडची, ती अजून विचारते.

तेव्हापासून मीही विचारते. हळूहळू कान तयार झाला. सुटका झाली असं मात्र नाही. नवऱ्याला अजून धड काम नाही, म्हणून मी इथेच. आता मॅनेजर निवृत्त होऊन गावी चाललाय. त्याच्या जागी येणारा न्यूझीलंडचा आहे म्हणे. परवा मीटिंगमध्ये मी गुपचूप फोनवर या अ‍ॅबर्डीनवाल्याचं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं. घरी सांगितलं नाही, हसतील. बाई, तुमचा आवाज माझ्याकडे कशातच रेकॉर्ड केलेला नाही, आणि आठवायला गेले तर आता नीट आठवतही नाही.