टाकीतली पंगत

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज तुमच्याशी भांडायला बसलोय. दुसरं कोण ऐकून घेणार? सुनेनं सात रस्त्याजवळ शोभेच्या माशांचं दुकान टाकलंय. मिल बंद पडल्यापासून मी घरात नुसता बसून. तिची आई आजारी म्हणून ती बार्शीला निघाली तेव्हा दुकान माझ्यावर सोपवून गेली. म्हणाली, "मामा, नीट सांभाळलंत तर रोज सकाळचं दुकान तुमच्याकडंच." मला दुसरं काय पाहिजे होतं?

तिनं सगळं समजावलं होतं. ज्याचं तोंड वर वळलेलं, तो तरंगतं खातो. मिशावाला तळ हुंगत फिरतो आणि अंधार पडल्यावर जेवतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीतला पिवळा दगडावरचं शेवाळ खरडत राहतो. "त्याला लई घालू नका मामा. समुद्रात त्यो दिवसभर असाच चरत असतोय." ही काय जेवायची रीत झाली? ना वेळ, ना पान. काचेजवळ गेलं की आत्ताच खाल्लेलेसुद्धा तोंड उघडत पुढं येतात. मला ते बघवत नाही. मैंदर्गीच्या त्या लग्नात तुम्ही आचारी होता आणि मी भाताची परात घेऊन पंगतीत. मान खाली घालून वाढत चाललो, तर तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, "पानाकडं काय बघतोस? तोंडाकडं बघ की. मानूस न्हाय म्हनतो, तोंड व्हय म्हनतंय." आणि एका पाव्हण्यानं पानावर आडवे धरलेले हात बाजूला सारून तुम्ही गव्हाची गोड हुग्गी ओतता. तो आधी शिव्या देतो, मग हसतो, मग खातो. सगळी पंगत तुमच्याकडं बघत असते.

तेच डोळ्यांपुढं ठेवून मी टाकीसमोर उभा. पिवळा दाण्याला तोंड लावेना, म्हणून आणखी घातलं. ते तळाला जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशी पाणी दुधट दिसायला लागलं आणि तो वर येऊन तोंड उघडमीट करायला लागला. मला वाटलं, लागली एकदाची भूक. मी आणखी चिमूटभर सोडलं. तेवढ्यात सून एसटीतून उतरून थेट दुकानात आली. "मामा, हे काय केलंत? भूक न्हाय त्याला, दम लागलाय. खाली सगळं कुजलंय." तिनं पिशवी खांद्याची न काढताच पाणी उपसायला घेतलं. पिवळा गेलाच. ती एका शब्दानं ओरडली नाही, त्याचाच मला जास्त राग आला. खाद्याचा डबा मात्र तिनं वरच्या फळीवर ठेवला, माझा हात पोचत नाही तिथं.

मी कुणावर चिडू? पाव्हण्याला निदान हात आडवे धरता येत होते. तोंड वाचायला शिकवलंत, आबा, पण तोंड दुसऱ्या कशासाठीही उघडतं हे सांगायचं राहिलं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे पत्र टाकणार तरी कुठं? घडी करून उशीखाली ठेवतो. मी दुकानातून निघताना सून म्हणाली, "उद्या येताय न्हवं मामा? काचा पुसायच्यात." मी म्हणालो, बघू, गुडघा धरलाय.

गुडघ्याला काही झालेलं नाही.